मल्लेशला बसवायचं राहिलं

तीस जानेवारीला सकाळी साडेआठला मी माइक तपासायला गेलो. काम एवढंच होतं. हुतात्मा दिन, अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं स्तब्धता, मग आमदार साहेबांच्या हस्ते शहीद स्मारकाच्या चौथऱ्याची सुरुवात, भाषण, आभार आणि चहा. असले कार्यक्रम निलंगा तालुक्यात मी पंचवीस वर्षं चालवले आहेत. शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्तीनंतर आवाज तेवढा शिल्लक राहिला. लग्न असो, शोकसभा असो, नाहीतर ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन असो, विरूपाक्ष गुरुजींना बोलवा म्हणतात. माझा आवाज ऐकून दगडाला पाझर फुटतो असंही म्हणतात. दगडाचं सोडा, माणसांना फुटलेला मी कधी पाहिला नाही.

गावाचं नाव सांगत नाही. पोरापोरींची लग्नं व्हायची आहेत तिथं. कर्नाटकची हद्द तिथून चार किलोमीटर. घराघरात मराठी बोलतात आणि राग आला, रडू आलं की कानडीत शिरतात. मल्लेश तिथला. फौजेत होता, उत्तरेच्या सीमेवर गेला, आणि सहा वर्षांपूर्वी तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीतून परत आला. गावाबाहेर शिवेवरच्या माळाला त्याला पुरलं. त्या जागेवर आता चौथरा, त्यावर संगमरवर, त्यावर बंदूक टेकवून उभा पुतळा व्हायचा होता.

मी पोचलो तेव्हा मांडव तयार होता. कमानीवर साहेबांचा फोटो दोन पुरुष उंच, खाली स्मारक समितीचे अध्यक्ष शेषेराव पाटील हात जोडून, त्यांच्या बाजूला त्यांचे चुलते, पुतणे, एक व्याही. मल्लेशचा फोटो शोधावा लागला. खालच्या कोपऱ्यात, ओळखपत्रावरून मोठा केलेला, इतका पुसट की कान दिसत होते आणि डोळे दिसत नव्हते. माझं डोकं तिथंच फिरलं होतं. पण फिरलेलं डोकं घेऊन गोड बोलण्याची मला सवय आहे.

मांडवात मधोमध लग्नातली लाल मखमली खुर्ची ठेवली होती, साहेबांसाठी. मांडववाला आनंदराज तिच्यापाशी फडकं घेऊन उभा होता.

"गुरुजी, हे बघा की," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा पुसायलोय."

मखमलीवर काळी माती होती. ओली. पाऊस होऊन तीन महिने झाले होते, माळावर टाच मारली तर धूळ उडत होती. आणि खुर्चीची गादी मध्येच दबलेली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"पोरं बसली असतील," मी म्हणालो.

"पोरं अजून आलीच न्हाईत," तो म्हणाला आणि पुन्हा पुसायला लागला.

मी माइकवर एक, दोन, तीन म्हटलं. आवाज ठीक होता. मी गप्प झालो तरी कर्ण्यातून काहीतरी येत राहिलं. बारीक, अधूनमधून. कट्... कट्... म्हातारी माणसं मांडी घालताना हाडं वाजतात तसं. मी बटण बंद केलं. त्यानंतरही एकदा वाजलं. वायर खराब असेल, असं मी आनंदराजला सांगितलं.

पलीकडे, बांबूच्या कुंपणाआत, मल्लेशच्या मातीपाशी शांतम्मा बसली होती. त्याची आई. दर हुतात्मा दिनाला, दर पंधरा ऑगस्टला तिला असंच आणून बसवतात, साडी-नारळ देऊन फोटो काढतात आणि जीपमधून घरी सोडतात. समितीनं तिच्यासाठी मागच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. ती तिकडे फिरकलीही नव्हती. तिच्या शेजारी मृत्युंजय स्वामी उभे होते, आमचे जंगम, म्हणजे पुरोहित, लग्नापासून मौतीपर्यंतचे. काँक्रीटचा मिक्सर दहा पावलांवर तयार होता. खडी, वाळू, सिमेंटच्या गोण्या.

मला पाहून शांतम्मा उठली नाही. फक्त म्हणाली, "गुरुजी, आज माल वतला की संपलं बघा. मंग कवा बसवू मी त्याला?"

इथं तुम्हाला सहा वर्षं मागं न्यावं लागेल. तुम्ही आमच्यातले नाही म्हणून सांगतो. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत आणि आडवाही पुरत नाहीत. चौकोनी खड्डा घ्यायचा, त्याच्या भिंतीत कोनाडा कोरायचा, त्यात माणसाला मांडी घालून बसवायचं. जन्मल्यावर गळ्यात जे इष्टलिंग बांधलं ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायचं, विभूती, बेल घालायचा आणि मग माती लोटायची. माणूस शिवाची पूजा करत बसला आहे असं मानायचं. आडवं काय, ढोरालाही पुरतात.

मल्लेशची पेटी आली तेव्हा दुपार झाली होती. स्वामींनी पहाटेपासून स्वतः खड्डा आणि कोनाडा तयार ठेवला होता. शांतम्माच्या हातात मल्लेशचं इष्टलिंग होतं. त्याच्या घड्याळाबरोबर, पाकिटाबरोबर ते वेगळं परत आलं होतं. साहेब आले, आणि त्यांना चार वाजता उदगीरला दुसरा कार्यक्रम होता. पेटी लांब, खड्डा चौकोनी. शेषेरावांनी बाजूला उभा असलेला जेसीबी बोलावला. दहा मिनिटांत स्वामींचा कोनाडा ओरबाडून खड्डा लांब केला. स्वामी ओरडले, "थांबा, ह्याला बसवायचं हाय." तीनशे माणसं उभी होती. एकाच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

माइकवर मी होतो. मी म्हणालो, "कृपया शांतता राखा. ही वीराला मानवंदना देण्याची वेळ आहे."

आणि एवढंच नाही. फौजेचा जो साहेब पेटीबरोबर आला होता, तरुण माणूस, डोळे लाल झालेले, तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "माताजी कुछ कह रही हैं? कोई रस्म बाकी है? हम रुक सकते हैं."

शेषेराव माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझ्या कोपराला नुसता हात लावला.

मी म्हणालो, "नहीं साब. माँ है, रो रही है."

मल्लेशला बसवता आलं असतं का, पेटी उघडण्यासारखी होती का, मला माहीत नाही. पण तो माणूस थांबणार होता. विचारायला स्वतः चालत आला होता. मी लिंगायत, मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. पेटी आडवी खाली गेली, बंदुका झडल्या, साहेब पावणेतीनला निघाले.

त्यानंतर शांतम्मानं सहा वर्षं अर्ज केले. एकच मागणी, उघडू द्या आणि बसवू द्या. उत्तर यायचं की प्रकरण विचाराधीन आहे. देशासाठी मेलेल्या माणसाला मांडी घालू द्यायची की नाही यावर विचार चालला होता. आणि पुतळ्याला मंजुरी चार महिन्यांत मिळाली.

तर त्या सकाळी मी तिला म्हणालो, "बघतो अव्वा, साहेबांच्या कानावर घालतो." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल याची गणतीच नाही.

साहेब पावणेअकराला आले. हार, फटाके, मोबाइल. सहा वर्षांपूर्वीची बहुतेक सगळी माणसं होती. शिवाय शाळेची पोरं आणि बंदोबस्ताला नवीन आलेले दोन पोलिस. साहेब लाल खुर्चीत बसले, लगेच थोडे पुढे सरकले आणि मागे हात लावून बघितला. शेषेरावांनी रुमाल दिला.

अकराला साखर कारखान्याचा भोंगा वाजला. गळिताचे दिवस होते, मळीचा आंबूस वास सगळीकडे भरून होता. मी जाहीर केलं, "सर्वांनी जागेवर उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळावी." सगळे उठले, माना खाली घातल्या. भोंगा थांबला.

इतकी शांतता मी कुठल्याच सभेत ऐकली नव्हती. नेहमी कुणीतरी खोकतं, कुणाचा मोबाइल वाजतो. त्या दिवशी झाडावरचे कावळेसुद्धा गप्प झाले. आणि मळीचा वास गेला. त्याजागी ओल्या मातीचा वास आला, खोल खणलेल्या मातीचा, आणि त्यात मिसळलेली विभूती.

मग कुंपणाच्या आतून शांतम्माचा आवाज आला. लेकराला जेवायला बोलावतात तसा, हळू.

"कुंद्रु, मगा... कुंद्रु..."

कानडीत त्याचा अर्थ, बस बाळा, बस.

कट्... कट्... माइक बंद होता, मी स्वतः बंद केला होता. आवाज लाल खुर्चीकडून येत होता. मान न उचलता मी डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. साहेब खुर्चीपुढे उभे होते आणि त्यांच्या मागे खुर्चीची गादी हळूहळू दबत होती. कुणाला तरी गुडघे वाकवता येत नव्हते आणि तरी तो बसायचा प्रयत्न करत होता. अर्धी दबायची... पुन्हा वर यायची... पुन्हा दबायची. साहेबांच्या मानेवर घाम आला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. सगळ्यांना ऐकू येत होतं, माझी खात्री आहे.

दोन मिनिटं संपल्याचा भोंगा झाला. मी माइक सुरू केला आणि म्हणालो, "सर्वांनी स्थानापन्न व्हावं."

शाळेची पोरं गोंगाट करत सतरंजीवर बसली. नवीन आलेले पोलिस बसले. स्वामी मातीपाशी बसले. बाकी कुणीही बसलं नाही.

मला आधी वाटलं, आदरानं उभे आहेत. मग पहिल्या रांगेतला एक म्हातारा दोन्ही हातांनी स्वतःच्या मांड्या दाबायला लागला. एक बाई रडायला लागली. शेषेराव खुर्चीचे हात धरून खाली वाकायला बघत होते आणि कमरेत वाकत होते, गुडघ्यात नाही. माझेही पाय लाकडासारखे झाले होते. सहा वर्षांपूर्वी जी जी माणसं त्या माळावर गप्प उभी होती, त्या सगळ्यांचे गुडघे गेले होते. पुढे मी एकेकाला आठवून पाहिलं. एकही चूक सापडली नाही.

साहेबांच्या दोन माणसांनी त्यांना बाजूच्या सोफ्यावर बसवायला खाली दाबलं. लाल खुर्चीकडे जायला कुणी तयार नव्हतं. साहेब फळीसारखे कलले. शेवटी त्यांना सतरंजीवर आडवं ठेवावं लागलं. पाय सरळ, टाचा जुळलेल्या. त्या पायांकडे बघून कुणाला काय आठवलं असेल ते मी वेगळं सांगायला नको.

अर्धा तास गेला असेल. उन्हात तीनशे माणसं उभी. मग साहेब आडव्यानंच म्हणाले, "त्यांना... त्यांना काय पाहिजे?"

शांतम्मा मातीवरून म्हणाली, "मला काय बी नको. साडी नको, पुतळा नको. माझ्या लेकराला बसवू द्या."

सहा वर्षं विचाराधीन असलेली परवानगी पाच मिनिटांत लिहून झाली. परवानगी देणारे अधिकारी तिथंच ताटकळत उभे होते. कागद आनंदराजच्या पाठीवर ठेवून त्यांनी सही केली. मला संताप आला, आणि त्या भीतीतही तो भीतीपेक्षा मोठा होता. म्हणजे एवढंच काम होतं. एक कागद, एक सही. त्यासाठी या बाईला किती चपला झिजवाव्या लागल्या, आणि शेवटी मेलेल्यालाच उठून यावं लागलं.

स्वामींनी मांडवाचं कापड चारी बाजूंनी लावून घेतलं. जेसीबीला हात लावू दिला नाही. आत ते, नवीन आलेले पोलिस, कारण त्यांनाच गुडघे वाकवता येत होते, आणि शांतम्मा. आम्ही बाहेर उभे. फावड्याचा आवाज, मग लाकडाचा, मग बराच वेळ काही नाही. स्वामींनी नवीन कोनाडा कोरला. दुपारचे अडीच वाजले असतील, कापडाआडून तिचा आवाज आला.

"कुंद्रु, मगा."

आणि लगेच आमच्यात सगळीकडे, शेतात कापलेली ज्वारी पडावी तसं, माणसं एकदम खाली बसली. गुडघे सुटले होते. कुणी रडत होतं, कुणी पाय चोळत होतं. साहेब उठून बसले, चहा मागितला आणि पहिल्या गाडीनं गेले. मिक्सर परत पाठवला. पुतळ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मी उभाच होतो. वाटलं, वयामुळे माझे पाय जरा उशिरानं सुटतील. तेवढ्यात शांतम्मा बाहेर आली. हात विभूतीनं पांढरे झाले होते, चेहरा मोकळा. ती सरळ माझ्याकडे आली.

"झालं गुरुजी. बसलं माझं लेकरू. हातात लिंग दिलं त्याच्या," ती म्हणाली. मग माझा हात धरला. "तुमचे उपकार लई हायेत. त्या दिवशी एकटे तुमीच त्या फौजी साहेबाला सांगितलं. मी बघितलं की, तुमी त्याच्या कानाला लागून बोलत हुतात. त्यानं ऐकलं न्हाई, त्याला तुमी काय करनार? सा वर्सं मी त्या मानसाला तळतळाट देत आले, गुरुजी. रोज दिवा लावताना."

तीन शब्द पुरे होते. अव्वा, मीच थांबवलं. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला माणूस मी. तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते.

मी म्हणालो, "व्हय, अव्वा."

पायांत काहीतरी घट्ट झालं. कुणी दोरी पिळून गाठ मारावी तसं. मला ते तिथंच कळलं.

त्याला आता सात महिने झाले. मघापासून तुम्ही दोनदा खुर्ची पुढे केलीत, मी घेतली नाही. मला बसता येत नाही. उभं राहता येतं, आडवं होता येतं, मधलं काही येत नाही. लातूरला दोन डॉक्टरांना दाखवलं, फोटोत हाडं तरुण माणसासारखी आहेत म्हणाले. बायको उभ्यानं जेवण वाढते आणि तोंड फिरवून घेते. तिलाही मी सांगितलेलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय. उपाय काय हे मला कुणी सांगायची गरज नाही. त्या गावाला एसटी रोज जाते, पाऊण तासाचा रस्ता. जावं, शांतम्मापुढे उभं राहावं आणि खरं बोलावं. कुठल्याशा छावणीत तो तरुण साहेब असेल, त्याला कल्पनाही नाही की एक म्हातारी रोज दिवा लावून त्याचं वाईट चिंतते. थांबायला तयार होता तो एकटा. मी दोनदा स्टँडवर गेलो. गाडी आली, गेली. उभ्यानं प्रवास करता येतो हे मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात स्वामींचा फोन आला. पावसानं मल्लेशच्या समाधीची एक बाजू खचली, म्हणून त्यांनी माती काढून बघितली. मल्लेश जसा बसवला तसा बसलेला आहे, म्हणाले.

"गुरुजी, मी कोनाडा एकच कोरला हुता. तुमाला ठावं हाय."

"हो."

"त्याच्या समोरच्या भिंतीत अजून एक हाय. चांगला कोरलेला, साफ. एक मानूस मांडी घालून बसंल एवढा. रिकामा हाय."

मी म्हणालो, "बुजवून टाका."

"बुजवला की," स्वामी म्हणाले. "दोनदा बुजवला."

काल पुन्हा त्यांचा फोन आला. मी उचलला नाही.

आणि आज सकाळी मोरीत उभा राहून अंगावर पाणी घेत होतो, तेव्हा माझा डावा गुडघा जरासा वाकला. मी वाकवला नव्हता.